जिवल्याला दिलेले शब्द

४ नोव्हेंबर, सफाळे

समुद्राकाठच्या दमट हवेत तुझं डोकं सडेल, असं परभणीहून निघताना सगळे म्हणत होते. अहो, मी डोकी तपासायलाच आले आहे! पीएचडीनंतरची ही दोन वर्षं याच कामात जाणार. डोक्याला मार बसलेल्या माणसाला पुढे स्मृतिभ्रंश कसा गाठतो, ते बघायचं. खोली हवेशीर आहे. घरमालकीणबाईंनी आल्या आल्या सुकेळी, म्हणजे इथली उन्हात सुकवलेली गोड केळी, दिली. माझ्या चार वर्षांच्या दिपूला ती व्हिडिओवर दाखवली, तर तिने फोनलाच तोंड लावलं. ती आणि तिचा बाबा, मारुती, महिनाअखेर येणार आहेत. मला आत्ताच करमेनासं झालंय.

८ नोव्हेंबर

माकुणसारच्या आरोग्य केंद्रात पहिली तपासणी. पद्धत साधी आहे. पाच शब्द सांगायचे, थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, मग शब्द विचारायचे. पण इथे पेशंट एकटा येतोय कुठला! सगळा पाडा येतो आणि मागून कॉपी पुरवतो. एकाचे शब्द दुसऱ्याला चालत नाहीत, कारण तोवर ते ओसरीभर पाठ झालेले असतात. माझे छापील शब्द दुपारपर्यंत संपले.

शेवटी जिवल्या आला. ताडी काढताना झाडावरून पडलेला म्हातारा. त्याला बायकोही ओळखू येत नाही. ती बायको, नवसी, त्याच्यासमोर पोरांना नावाने हाक मारत नाही, ‘ए पोरा’, ‘ए बाय’ एवढंच. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “त्याचा डोका रिकामा झालाय. आपल्या मानसाचा नाव त्याच्यापुढं नाय घ्यायचा, बाय.” बिचारीची दया आली.

१२ नोव्हेंबर

शब्द कमी पडले म्हणून आता घरचेच वापरते आहे. जिवल्याला दिले सीताफळ, झोपाळा, निळी सायकल, पितळी डबा आणि नागोराव. नागोराव म्हणजे माझे बाबा. ते असते तर म्हणाले असते, मेल्यावरही पोरगी कामाला लावते!

आणि जिवल्याने पाचही शब्द सांगितले. सकाळी जेवला की नाही हे ज्याला आठवत नाही, त्याने!

१९ नोव्हेंबर

आठवडा उलटला तरी पाचही पाठ. असं कुठेच नोंदलेलं नाही. माझे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, आणखी दे, मोठा शोधनिबंध होईल. मी हुरळले. आज भरभरून दिले. देवघर, शाळेची घंटा, मारुती, दिपू. नवसीने माझा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवून घेतला.

२३ नोव्हेंबर

आईचा फोन आला. नागोरावांचं श्राद्ध जवळ आलंय, येतेस का, असं विचारत होती. मी म्हटलं, कोण नागोराव? आई चिडली. बापाची थट्टा करतेस म्हणाली.

फोनमध्ये फोटो सापडला. एक मिशीवाला माणूस, खांद्यावर लहानपणीची मी. मला काहीच वाटलं नाही. त्याचीच भीती वाटते आहे.

२४ नोव्हेंबर

जिवल्याकडे गेले. तो पाड्यातल्या बायकांना सांगत होता, सायकल शिकवताना नागोराव मागून कसे धावायचे, पडल्यावर काय म्हणायचे. यातलं एक अक्षर मी त्याला सांगितलेलं नाही. आणि बोलत होता तो आमच्या परभणीच्या हेलात.

मी नवसीच्या पाया पडले. माझं मला परत दे म्हटलं. ती म्हणाली, “गेला ता नाय येत, बाय.” मग दिपूचं विचारलं, तर तिने मान खाली घातली.

दिपू अजून आहे. कुरळे केस. गालावर तीळ. झोपताना माझ्या कानाची पाळी धरते. आहे, सगळं आहे.

२६ नोव्हेंबर

गालावर तीळ. कुठल्या गालावर —

फोन केला. पलीकडे एक लहान पोर हसत होतं. आवाज नवा वाटला. घाबरून ठेवून दिला. तिला इकडे आणू नका म्हणावं. नाही, आणा, लगेच आणा, मला तिला बघू दे, अजून थोडी —

२८ नोव्हेंबर

मागच्या पानांवर सारखं ‘दिपू’ लिहिलंय. अक्षर माझंच. मांजर असावं बहुधा.

मग वाचताना रडू का येतं —

३० नोव्हेंबर

दारात एक माणूस आलाय. मला नावाने हाक मारतो.

बरोबर लहान मुलगी. आत धावत आली, पायाला मिठी मारून बसली. सोडत नाही. आई, आई करून रडते आहे. गोड आहे हो. कोणाची असेल? हिची आई किती शोधत असेल —

जिवल्याला विचारते. त्याला सगळ्यांची नावं —