फक्त हात आणि आवाज

अहिल्यानगर, शुक्रवार

प्रिय बेंजूदादा,

रविवारी चर्चबाहेर तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "एंजू, तो आमच्या कारखान्यातला व्हिडिओ पुसून टाक. मालक चिडलेत. तुझ्याही अंगाशी येईल." मी मान हलवली. तू तो होकार समजलास आणि मी तसं समजू दिलं. म्हणून आधी हेच सांगते : मी व्हिडिओ पुसलेला नाही.

तुला वाटतं, हे व्हिडिओचं खूळ मी शाळेत आणलंच नसतं तर बरं झालं असतं. मलाही मधे काही दिवस तसंच वाटत होतं. पण दादा, ही पद्धत तुझीच. दम्यामुळे मला तिसरीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. बेलापूरच्या घरी तू शाळेतून आलास की दप्तरासकट माझ्यासमोर बसायचास. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचास आणि म्हणायचास, "आता तू मास्तरीण. मला शिकव." मी अडखळले तर थांबायचास. बरोबर आलं तरी शाबासकी नाही, नुसतं "हां, पुढचं." तेवढ्यासाठी मी जीव टाकायचे. आठवीच्या मुलांना मी तेच करायला लावलं. धड्यातलं काहीतरी घरात, शेतात, आईबापांच्या कामाच्या जागी शोधा आणि मोबाईलवर मला शिकवा. मुलींचे चेहरे कुठे कुठे फिरतील या धास्तीने नियम केला : चेहरे नकोत, फक्त हात आणि आवाज. आणि हात स्वतःचेच हवेत.

वर्गात तोंड न उघडणारी निकिता त्या व्हिडिओत काय बोलली होती, ते तू नीट ऐकलंस का कधी? "हे प्रेस मशीन हाय. वरून जोर येतो तो तेवढाच. पन टोक बारीक, म्हनून दाब लई. म्हनून पत्र्याला भोक पडतं." मोबाईल कशाला तरी टेकवलेला होता; दोन लहान हात पत्र्याची पट्टी पुढे सरकवत होते आणि खाली वॉशर पडत होते. मी विचारलं, कुठलं गं हे? "आई कामाला जाती तिथलं, मॅडम. डबा द्यायला गेल्ते." मी तो वर्गात दोनदा दाखवला. पोरं ओरडली, "निके, तू तर मॅडमच झाली की!" ती बाकावर डोकं टेकवून हसत राहिली. इतका सराईत हात डबा द्यायला गेलेल्या मुलीचा नसतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

नाताळच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही, पण पुढच्या पाठाचा व्हिडिओ आला. आवाज तिचाच. मिठाच्या पाण्यात अंडं सोडणारे हात मात्र बांगड्या भरलेले, मोठ्या बाईचे. मी शेरा पाठवला : हात तुझे नाहीत. पुन्हा कर.

उत्तर आलं नाही, म्हणून नागापूरला त्यांच्या खोलीवर गेले. निकिताच्या उजव्या हाताला बँडेज होतं आणि ते बोटं असायला हवीत तिथपर्यंत पोचतच नव्हतं. चार बोटं गेलीत, दादा. अंगठा राहिलाय. मी काही विचारायच्या आत तिची आई, गोजरबाई, म्हणाल्या, "घरी कडबा कुट्टीत गेला हात." त्या पत्र्याच्या खोलीत साधी शेळी नाही; कडबा कोणासाठी कापणार? मी खोलीभर नजर फिरवली तशा त्या रडायला लागल्या. "मॅडम, पारनेरहून हितं आलो ते कामासाठीच. मालकानं दवाखाना केला. आता माझं हाय ते काम तरी ऱ्हाऊ द्या." निकिता रडली नाही. तिने विचारलं, "मॅडम, माझा पयला व्हिडिओ हाय ना तुमच्याकडं? त्यात दोन्ही हात हायेत माझे." मी लावून दिला. तिने तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग आईकडे न बघता म्हणाली, "पुसू नका. मी खोटं न्हाई बोलनार."

तिच्या शेजारी बसून पाहताना मी पहिल्यांदाच आवाज पूर्ण वाढवला. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते ना, ती काढून बाजूला तारेने बांधलेली दिसते. आणि शेवटी पट्टी संपते, तेव्हा मशीनच्या धडधडीतून मागचा एक माणूस म्हणतो, "हां, पुढचं." निकिता म्हणाली, "ते सुपरवायझर सर." तू माझा भाऊ आहेस हे तिला माहीत नव्हतं. मी तेव्हा सांगितलं नाही. दारात चपला घालताना सांगितलं. ती म्हणाली, "सर वाईट न्हाईत, मॅडम. मला पानी पिऊ द्यायचे."

जाळी तू आपल्या मनाने काढली नसशील. माल लवकर काढा म्हणून रोज तुझ्यामागे कोण लागतं, हेही मी ऐकून आहे. पण ती तेरा वर्षांची आहे आणि तू तिथे उभा होतास.

आज दुपारी मी कामगार खात्याच्या कार्यालयात जाऊन व्हिडिओ दिला. आधी सांगितलं असतं तर तू मला समजावलं असतंस आणि तुझं मी आजवर ऐकत आले आहे. गोजरबाईंचं काम जाईल का, या विचाराने मी जिन्यावरून दोनदा परत फिरले होते. अधिकारी बाईंनी विचारलं, मागचा आवाज कोणाचा, ओळखता? मी पाणी मागितलं. मग तुझं नाव सांगितलं. आई-पप्पांना अजून कळवलेलं नाही. तुला बोलावणं येईल. व्हिडिओत तू कुठेच दिसत नाहीस, हे मालकाच्या वकिलाला कळायला वेळ लागणार नाही, आणि तो तुला काय बोलायला लावेल तेही मला दिसतंय. म्हणून त्याच्या आधी हे पत्र वहिनीच्या हाती देते आहे. तिथे तुला तो व्हिडिओ ऐकवतील. निकिता समोर असेल. हा आवाज माझा नाही, असं म्हणू नकोस, दादा.

तुझीच,
एंजेला