वरच्या खोलीतला उन्हाळा

नाशिक रोड,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. उज्वलाताईस,
संतोषचा नमस्कार. मनमाडला सगळे बरे असतील. आम्हीही ठीक, फक्त फार दमलोय.

दीड महिन्याने घराचं काम संपलं एकदाचं. अंबडहून ड्यूटी करून यायचं आणि सिमेंटच्या गोण्या ओलांडत आत शिरायचं. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, सोलर बसवलं. वरच्या खोलीच्या छताला आतून उष्णता अडवणारा थर लावला, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढला. समोरून घर छान दिसतं. लाइटबिलही कमी येईल म्हणतात.

काल भर दुपारी कारभारी मिस्त्रींनी मला वर नेलं. म्हणाले, "छताला हात लावा, साहेब. बसतो का चटका?"

नाही बसला.

"आधी इथं कोण राहायचं?"

"वडील."

"मे महिन्यातपण?"

मी खाली आलो. जेवण गेलं नाही.

ताई, गेल्या वर्षी नानांच्या दहाव्याला तू विचारलंस, "वर फार उकडायचं का रे?" मी म्हणालो, "कूलर होता ना." कूलर आठ दिवस बंद होता. आज करू, उद्या करू, करत राहिलो. नाना गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते जिना उतरून आले. "संतोष, मला हॉलमध्येच एखादी सतरंजी टाक रे." घरात पाहुणे होते. मी म्हणालो, "नाना, रविवारपर्यंत काढा." ते "बरं" म्हणाले आणि कठडा धरून वर गेले. सविता मला म्हणाली होती, त्यांना खालीच झोपवू. तुझ्या भावजयीला बोल लावू नकोस.

दुसऱ्या दुपारी ती ताक घेऊन वर गेली, तर ते बेशुद्ध. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. हार्ट अटॅक मी सांगितला, तुला आणि सगळ्यांनाच.

खोली गार झाली की जरा सुटल्यासारखं वाटेल, असं वाटलं होतं. नाही वाटलं.

यंदा भाऊबीजेला ओवाळताना तू म्हणालीस, "नानांचं शेवटपर्यंत तूच केलंस." ते यापुढे म्हणू नकोस. फोनवर मी विषय बदलला असता, म्हणून लिहिलं. तू काय बोलशील ते बोल. मी मध्ये तोंड उघडणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेला,
संतोष