ज्या प्रश्नाला आकडा पडला नाही

काळेवाडी,
१२ ऑगस्ट २०२५

चि. समर्थ,

गावी भूमला तू आणि तुझी आई सोजरवहिनी सुखरूप असाल असं धरून चालतो. फोनवर तू "बरा आहे काका" म्हणतोस, मीही "बरं बरं" म्हणून ठेवून देतो. म्हणून आज कागद घेतला.

आपली निघोज्याची कंपनी चालू आहे. मी मात्र दोन महिने पत्रा दाबायच्या प्रेससमोर उभा राहिलो नाही. ठोका पडला की हात थरथरतात, झोपेत दचकतो. तुझी काकू म्हणते, "अंगात आल्यासारखं काय करता?" शेवटी कंपनीच्या डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात, मनाचे आजार बघतात तिथं धाडलं.

विजयश्री मॅडम, माझ्या लेकीच्या वयाच्या. दीड तास नुसते प्रश्न, कागदावरचे, ठरलेले. "मागच्या महिन्यात नको असताना तो प्रसंग आठवला? किती वेळा?" पुन्हा "मागच्या महिन्यात", पुन्हा "किती वेळा?" प्रत्येक उत्तराला शून्य ते चार आकडा. मी म्हटलं, "पोरी, मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं विचारत नाहीत गं!" ती हसली. डोळे चोळत म्हणाली, "काका, सकाळपासून तुम्ही चौथे. मीही दमते. पण शब्द बदलले तर मोजमाप बिघडतं." मला तिचीच दया आली. दिवसभर दुसऱ्याची दुखणी ऐकायची, आणि तीही त्याच त्या शब्दांत.

मग तिनं विचारलं, "झाल्या गोष्टीचा दोष कुणाला देता?"

मी पाठ केलेलं बोललो. "त्या पोराचीच चूक. त्यानंच बटण बांधलं होतं."

"हे तुम्हाला किती पटतं? पूर्ण, बरंच, की थोडं?"

समर्थ, कंपनीच्या चौकशीत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिथं फक्त सही कुठं करायची ते दाखवलं.

दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यावा, म्हणजे हात बाहेर राहतात. माल निघेना म्हणून त्या सकाळी एक बटण दाबलेलंच राहावं अशी रबरी पट्टी त्यावर मी बांधली. "एका हातानं चालव, दुसऱ्यानं पत्रा सार," हेही मीच बोललो. तुझी चार बोटं गेली. चौकशीत तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि गप्प राहिलास. काकाच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत म्हणून. मला ते कळलं होतं रे. तरी "पट्टी कामगारानं स्वतः बांधली" या ओळीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, माणूस उगाच स्वतःला दोष देत असेल तर मी आकडा लिहिते. खरा दोष असेल तर या प्रश्नात तो आजार धरत नाहीत." आणि तिथं शून्य लिहिलं. झोपेला, थरथरीला गोळ्या मिळाल्या. याला नाही.

२१ तारखेला कामगार ऑफिसात तुझ्या भरपाईची सुनावणी आहे. सही मागे घेतो, असं आज कंपनीच्या साहेबाला सांगून आलो. तो म्हणाला, "रंगराव, दीड वर्ष राहिलं. कशाला राख उकरता?" मी जिना उतरलो. काकूला अजून बोललो नाही. हे पाकिटात घातलं की बोलतो.

तू ये. तिथं विचारलं तर माझं नाव घे, मोठ्यांदा घे. मला वाचवायला पुन्हा गप्प बसू नकोस, ते ओझं मला आता पेलत नाही.

लहानांना आशीर्वाद लिहितात. मी नमस्कार लिहितो.

रंगराव