कोरफडीचं काजळ

१६ सप्टेंबर, सोमवार

ओठ पेटले! बीट किसलं, पिळलं, रस आटवून खोबरेल तेलात घोटला. तिथवर ठीक होतं. पण रंग चढावा म्हणून मी शहाणीनं वर दालचिनी टाकली. आरशात बघते तर गांधीलमाशी चावल्यासारखे ओठ. दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंडाला ओढणी लावून बोलले. दालचिनी बाद.

हा सगळा उद्योग निकितासाठी. मागच्या गल्लीतली पोरगी, पुण्यात नोकरीला, नोव्हेंबरात लग्न. फोनवर म्हणाली, "वहिनी, मेकअप तुमच्याकडंच करणार, पण सगळं व्हीगन पाहिजे." मी हो म्हणून टाकलं आणि मग व्हीगन म्हणजे काय ते मोबाइलवर शोधलं. जनावराचं काहीच नको. मधमाशीचं मेण नको, दूध नको, तूपसुद्धा नको.

लोहाऱ्यात पार्लर चार आहेत, असं करणारं एकही नाही. तिच्या पुण्याच्या मैत्रिणी येतील, बघतील, विचारतील. समोरच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून भुवया कोरण्यात माझं आयुष्य जायला नको.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गालांचं जमलं. बिटाची पूड, आरारूट आणि वाळलेल्या जास्वंदीची चिमूट. आधी स्वतःच्या मनगटावर, मग आत्यांच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. हात धरला तर मागं ओढायला लागल्या. "मला कशाला ग? माझ्याकडं कोण बघतंय!" म्हटलं, तुमची कातडी नाजूक, तुम्हाला सोसलं की सगळ्यांना सोसेल.

ओठांचंही झालं. झाडापासून निघणारं मेण आमच्या ह्यांनी, शिवराजनी सोलापुरातून आणलं होतं, कारखान्यातून शनिवारी घरी येताना. रंग सुंदर आलाय, पिकल्या जांभळाच्या आतल्या बाजूसारखा.

संध्याकाळी भाकरी थापताना बघितलं तर आत्यांच्या मनगटावरचा गुलाबी पट्टा तसाच. दिवसभर तेवढी जागा सोडून हात धुतले असतील.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज काजळ. एरंडेलाचा दिवा, वर पितळी ताट पालथं. दुपारभर काजळी धरली. आत्या शेजारी येऊन बसल्या, एकदम बोलक्या झाल्या. "माझ्या लग्नात मामीनं डोळं भरलं होतं काजळानं. रडले तर सगळं गालावर." हसल्या. मामंजींना जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून कपाळाला विभूती तेवढी, बाकी काही नाही.

काजळी खरवडली, आता कालवायची. आत्या तुपाचा डबा घेऊन आल्या. म्हटलं, तूप चालत नाही. "काजळात तूपच घालत्यात ग. त्यानं टिकतं." मी म्हटलं, आता ते जुनं झालं, मी कोरफडीचा गर घालणार, थंड असतो. त्या म्हणाल्या, "कोरफडीत पाणी असतंय." मी जरा जोरातच म्हणाले, आत्या, मी कोर्स केलाय.

डबा उचलून आत गेल्या. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दारावर पाटी लावली. "डोळ्यांना थंडावा! घरी बनवलेलं काजळ. केमिकल नाही, जनावराचं काही नाही." आत्यांना वाचता येत नाही म्हणून मोठ्यानं वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली.

२ ऑक्टोबर, बुधवार

एका डबीत पांढरं धरलंय. कापसासारखं, कडेला. बोटानं पुसलं तर खालचं काजळ चकचकीत काळं. बाकीच्या डब्या उघडून बघितल्या, त्या ठीक वाटल्या. हवाच दमट आहे, झाकण नीट बसलं नसेल.

पुसून वापरावं असा विचार आला, खोटं कशाला लिहू. मग नको म्हटलं, डोळ्याचा मामला. झाकणावर नखानं फुली ओढली, चांगल्यात मिसळू नये म्हणून, आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. माझी मलाच शाबासकी.

निकिता सुट्टीला आली होती, तिला एक चांगली डबी दिली. लावून बघ म्हटलं, सवय होऊ दे.

९ ऑक्टोबर, बुधवार

नवरात्रामुळं पार्लरला उसंत नाही. आजचा रंग निळा, सगळ्या निळ्या साड्या.

सकाळी गुंडाप्पाकाका चहाला आले. मामंजींचे थोरले भाऊ, शेजारीच राहतात. घरात काय शिजतं ते त्यांना आमच्या आधी कळतं. देवळाजवळ कोणा विधवेला निळी साडी आणि लिपस्टिक लावलेली बघून आले होते. "नवरा जाऊन दोन वर्सं न्हाय झाली. काय म्हणावं ह्या बायांना?" चहा ओतताना आत्यांची मान खाली.

पार्लरमधला हातातला आरसा सापडेना. दुपारी सापडला, धान्याच्या कोठीवर. आणि आत्यांच्या पंचाच्या टोकाला काळा डाग. चुलीचा असेल.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सोनं द्यायला आलेल्या बायका आत्यांना म्हणाल्या, डोळं किती पाणीदार दिसतंय तुमचं. आत्या लाजल्या, पदर तोंडाला लावून आत गेल्या.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आत्यांचा डावा डोळा लाल. सोयाबीनच्या मशीनवर गेल्या होत्या, भुसा गेला म्हणतात. उजेडाकडं बघवत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

स्टँडजवळच्या मेडिकलमधून थेंब आणले. दुकानदार म्हणाला, "ह्यानं लाली लगेच जाती."

१९ ऑक्टोबर, शनिवार

लाली खरंच गेली होती. दोन दिवस. काल परत आली आणि आज डोळा उघडेना. पाणी वाहतंय, कपाळ ठणकतंय. स्वयंपाकघराची खिडकी लावून भिंतीकडं तोंड करून बसतात. जवळ गेले की पदर पुढं ओढतात.

शिवराज आले, त्यांनी जबरदस्तीनं डोळा उघडून बघितला. मीही बघितला. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका. कापसासारखा.

मला तो रंग आधी कुठंतरी बघितल्यासारखा वाटला. कुठं ते मला लगेच आठवलं. मी डबी टाकली होती. फुली ओढून, बादलीत. स्वतःच्या हातानं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सोलापूर. जीपमध्ये मी, आत्या, शिवराज आणि गुंडाप्पाकाका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते पुढं जाऊन बसलेसुद्धा.

डोळ्याचे डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. बुबुळावरचं खरवडून तपासलं. म्हणाले, बुरशी आहे. मेडिकलमधली बाटली बघून त्यांचा चेहरा बदलला. "ह्यात स्टेरॉइड आहे. ह्यानं बुरशी वाढली. नशीब, लवकर आलात. वेळेवर औषध घातलं तर नजर राहू शकते."

मग विचारलं, "आजी, डोळ्यात बाहेरचं काही घातलं होतं? काजळ, सुरमा, मध?"



आत्यांनी तोंड उघडायच्या आत गुंडाप्पाकाका बोलले. "इधवा बाई हाय, डॉक्टर. काजळ कुठलं घालती?"

"न्हाय," आत्या म्हणाल्या. "भुसा गेला हुता."

मी भिंतीवरचा डोळ्याचा मोठा तक्ता बघत उभी राहिले. पंचावरचा काळा डाग मला आठवत होता. आरसाही आठवत होता. पाटी आठवली, निकिता आठवली, आणि मी गप्प राहिले.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी उठल्या उठल्या सगळ्या डब्या अंगणात उन्हात मांडल्या. दोनमध्ये पांढरे ठिपके. सुईच्या टोकाएवढे, पण होते.

तशीच निकिताच्या घरी गेले. ती लग्नाच्या खरेदीसाठी पुन्हा आली होती, पुण्याला निघायच्या तयारीत होती. डबी नुसती उघडून बघितली होती, लावली नव्हती! रंग बिघडलाय, दुसरी करून देते, असं काहीतरी सांगून डबी घेऊन आले. सगळ्या चुलीत घातल्या. दारावरची पाटी काढली. आता ह्या घरात काजळाचा एक कणही नाही.

मग आत्यांजवळ बसले. विचारलं, आत्या, माझं काजळ घातलं होतं का कधी? त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "मला कशाला ग?"

मी लगेच मानलं. मला तेच ऐकायचं होतं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तासातासाला थेंब. मोबाइलवर घंटा लावून मी स्वतः घालते. एकही चुकवलेला नाही. पार्लर बंद ठेवलंय.

आत्या म्हणतात, "तुझं गिऱ्हाइक जाईल ग." मी म्हटलं, जाऊ दे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सोलापूर, दुसरी खेप. वाढलंय.

डॉक्टरांनी दोनदा बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध नक्की घालता ना?" मी तासांचा कागद दाखवला, प्रत्येक वेळेवर खूण केलेली. ते कागदाकडं बघत राहिले. "मग उतरायला पाहिजे होतं. रोज नवी लागण होत असल्यासारखं दिसतंय. शेतात जातात का अजून?" नाही म्हटलं. उंबरा ओलांडलेला नाही त्यांनी.

औषध बदललं. बुबुळ पातळ होत चाललंय. फुटलं तर डोळा काढावा लागेल.

मला भीती वाटतेय. कसली ते नीट सांगता येत नाही. घर धुऊन काढलं, उशीचे अभ्रे उकळले, पंचा जाळला. आणखी काय करू?

३० ऑक्टोबर, बुधवार

पहाटे चहाला उठले तर आत्या माझ्या आधी उठलेल्या, कोठीकडं पाठ करून उभ्या. "काय करताय?" तर दचकल्या. "तोंड पुसतेय." थेंब घालायला गेले तर पापणीच्या कडेला काळसर. म्हटलं, हे काय? "औषधाचं असंल."

औषध पाण्यासारखं नितळ आहे.

मी कापसानं पुसलं आणि थेंब घातला. जास्त विचारलं नाही. घरात काजळ नाहीच, तर विचारू काय? मी स्वतः जाळलंय सगळं.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. गुंडाप्पाकाका फराळाला आले. त्यांच्यासमोर आत्यांनी चकलीची ताटली ठेवली ती टेबलाच्या बाहेर. ताटली पडली. काका म्हणाले, "दिसंना व्हय ग?"

"दिसतंय की," आत्या म्हणाल्या.

उजवा डोळाही लाल आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार

उजव्यातही ठिपका. पांढरा. उद्या पहाटेच्या गाडीनं सोलापूर. शिवराज रडले. मला रडू येत नाही, नुसता राग येतोय, कुणाचा ते ठरत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

निघायच्या आधी आत्यांची पिशवी भरत होते. घडी केलेल्या लुगड्यात काहीतरी कडक लागलं. डबी. झाकणावर नखानं ओढलेली फुली.

तळाला थोडंच काजळ उरलं होतं.

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांना मी दिसत नव्हते, पण झाकणाचा आवाज ओळखला. माझ्या दिशेनं हात पुढं करून म्हणाल्या, "रागावू नको ग. तूच बायांना सांगतीस, डोळ्याला थंड असतं म्हणून. आग झाली की लावत हुते. आन् तुझ्या विकायच्यातली न्हाय घेतली. तू टाकून दिलेली हुती, तीच घेतली."