अडीच वाजताचा फोन

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझा पत्ता मामाने दिला. वहिनींना मी अजून पाहिलेलं नाही, तरी त्यांनाही नमस्कार सांग.

इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आवाज खणखणीत आहे. बाबा काठी घेऊन घरातल्या घरात हिंडतात. शिलाई मशीन चालवणं बंदच आहे, काजं-बटणं मात्र हाताने करतात, आणि कुणी घाई केली की चिडतात. मी आठ वर्षांपासून दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते.

पत्राला कारण असं, की आपल्या गल्लीतला केबलवाला धंदा बंद करून गेला. बाबांचा दिवस टीव्हीवर जातो. बातम्या, आणि शनिवारचा फुटबॉलचा सामना. मोबाइलवर दाखवून पाहिलं, तर म्हणाले, "या काडेपेटीत माणसं आहेत की मुंग्या?" म्हणून मी एक घरगुती अँटेना आणला. खिडकीत ठेवला. चार चॅनल लागतात, पण चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि माणूस अर्ध्या वाक्यात गोठतो. समोर सहा मजली इमारत झाली आहे, तू पाहिली नसशील. दुकानदार म्हणतो सिग्नल वाढवणारा बूस्टर घ्या. मामा म्हणाला, तू अजून अँटेनाच्याच कामात आहेस. म्हणून तुलाच विचारावंसं वाटलं.

अँटेना कुठे लावावा, कोणता घ्यावा, आणि बूस्टर लागेल का, एवढं कळव. गच्चीवर कुणी चढायचं नाही असं आईचं म्हणणं आहे. त्यामुळे गच्ची सोडून काही जमलं तर बरं.

बाकी विशेष काही नाही.

तुझी,
धाकटी

---

ता. १४ डिसेंबर, रविवार

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. वहीचं अर्धं पान, वर मायना नाही, खाली नाव नाही, मधे सहा सूचना. अक्षर मात्र तेच, 'र' उताणा पडलेला.

तू लिहिलंस तसं केलं. बूस्टर घेतला नाही. खिडकीला लोखंडी गज आहेत, म्हणजे तिथे सिग्नल मिळणार नव्हताच. आडव्या काड्यांचा बाहेर लावायचा अँटेना आणला. जुनी वायर फेकली, नवी जाड गोल वायर घेतली, मधे जोड न देता एकाच तुकड्यात खाली आणली. टॉवर कुठल्या दिशेला आहे ते विचारून घेतलं. पाण्याच्या टाकीमागून, दोन इमारतींच्या फटीतून तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. इतकी वर्षं दिसत होता, पण मी कधी पाहिला नव्हता.

सहावी सूचना होती, "गच्चीवर माणूस लाव. तू चढू नकोस." तीन जणांना विचारलं. तिघांनीही अँटेना हा शब्द ऐकून मला म्हातारीत काढलं. आईला मी सांगितलं की टाकीवर जायचं नाही, फक्त जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर पाइप बसवायचा आहे, शिडीच्या पाच पायऱ्या. ती दोन दिवस नाही म्हणाली. मग स्वतःच शिडी धरायला वर आली, गुडघ्यांसकट.

गेल्या रविवारी सकाळी हे झालं. बाबा खाली टीव्हीसमोर, खिडकी उघडी. मी वर पाना घेऊन. तुझी सूचना डोक्यात होती, की थोडंसं फिरव आणि थांब, टीव्हीला वेळ दे, आता पूर्वीसारख्या मुंग्या दिसत नाहीत, चित्र एक तर दिसतं, नाहीतर दिसतच नाही. मी फिरवायची, थांबायची. खालून बाबांचा आवाज यायचा.

"नाही."

"अजून नाही."

"आलं. थांब. गेलं."

अर्धा तास असा गेला. आईचे हात शिडीवर, मान वर. मी म्हटलं, "बस जरा, मी उभी आहे नीट." ती बसली नाही. म्हणाली, "हे टाकीवरून पडले त्या दिवशी मी अशी धरली असती तर. पण मी स्वयंपाकघरात. आणि तुझा दादा, ज्याचं हेच काम, तो सहा वाजता उगवला. वेळेवर आला असता तर त्यांचा पाय आज धड असता."

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकते आहे, दादा. पाहुण्यांसमोर ऐकलं आहे, डॉक्टरांसमोर ऐकलं आहे. दर वेळी मी काहीतरी आवरायला घ्यायची. भांडी, कपडे, वर्तमानपत्रांची रद्दी. त्या दिवशी शिडीवर आवरण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हटलं, "आई, त्याने फोन केला होता."

"कुणी?"

"दादाने. अडीच वाजता. बाबांना सांग वर चढू नका, टाकीची शिडी गंजली आहे, अँटेना मी सहाला येऊन दुरुस्त करतो, असं सांगितलं होतं. फोन मी घेतला. बरं म्हटलं आणि मैत्रिणीकडे गेले. बाबा कारखान्यातून चारला यायचे, तोवर परत येऊ असं वाटलं. गप्पांत राहिलं."

खालून बाबा ओरडले, "आलं. आता स्थिर आहे. हात लावू नकोस."

आईने शिडी सोडली नाही. तशीच घट्ट धरून म्हणाली, "आधी खाली उतर." मी शेवटचा नट आवळला आणि उतरले. तेव्हा तिने हात काढले आणि उपड्या घातलेल्या बादलीवर बसली. मग विचारलं, "म्हणजे तो सांगितल्या वेळेलाच आला?"

मी हो म्हटलं.

"आणि मी त्याला दारातून घालवला. हत्यारांची पिशवी खांद्यावरच होती त्याच्या."

तुला हे सगळं ठाऊक आहे. आई दारात तुला बोलत होती, तेव्हा तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी एकोणीस वर्षांची होते, लहान नव्हते. तू "मी फोन केला होता" एवढे चार शब्द म्हणाला असतास तर प्रश्न मिटला असता. तू म्हणाला नाहीस. दुसऱ्या दिवशी म्हणेन असं मी ठरवलं. मग बाबांच्या पायाचं ऑपरेशन होऊ दे, मग ते घरी येऊ देत, मग आईचा राग शांत होऊ दे. तोपर्यंत तू गाव सोडलं होतंस. नंतर सांगणं अधिकाधिक अवघड होत गेलं, कारण तेव्हाच का सांगितलं नाहीस, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

टीव्हीबद्दल विचारायला मी पत्र लिहिलं हे खरं. पण दुकानदाराने सांगितलं असतं तेही. तुझं अक्षर पाहावं, एवढाच हेतू होता.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, बंद नाही केला. म्हणाले, "निरोप मिळाला असता तरी मी चढलोच असतो. मी कधी कुणाचं ऐकलंय?" हे खरं, की मला धीर द्यायला म्हणाले, ते कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पण पोराला अकरा वर्षं बाहेर ठेवलं, ते काही पायाच्या खात्यात जात नाही."

आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. शुक्रवारी सकाळी दवाखान्यात निघाले तेव्हा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पत्ता लिहून ठेव." मी लिहून ठेवला. परत आले तेव्हा ती खिडकीशी बसून लिहीत होती, चष्मा नाकावर, एक ओळ लिहून दोन खोडत. तिचं पत्र वेगळं येईल. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही, आणि टपालातही तिने स्वतःच टाकलं, गुडघे दुखत असताना, कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन.

तू ये, असं मी लिहीत नाही. ते आईने लिहायचं. माफ कर असंही लिहिणार होते, दोनदा लिहून फाडलं. ते वाचून लगेच काही म्हणणं तुझ्यावर बंधनकारक होईल, आणि तुला आधीच खूप गप्प राहावं लागलं आहे. वाटलं तर राग लिही, वाटलं तर काहीच लिहू नकोस. पण माझ्यासाठी गप्प राहायची आता गरज नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे.

तुझ्यावरचा आळ अकरा वर्षं पाहत बसलेली,
तुझी बहीण