तीन वाजता अन्याय, चार वाजता मोर्चा

९ नोव्हेंबर, रविवार

विश्वजीतभाऊंनी आज फलक लावला — 'दुष्काळ अनुभव : १९७२'. चितेगावच्या पुढं त्यांचं कृषी पर्यटन केंद्र. तिथं मी ऑफिस सांभाळते. हुरडा पार्टी सगळेच करतात, म्हणाले, आता काहीतरी खरं पाहिजे. म्हणजे शहरातल्या लोकांनी पैसे भरून उन्हात खडी फोडायची आणि दुपारी सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा भुगा, खायची. बहात्तरला दुष्काळी कामावर लोकांनी खाल्ली तशी. मला वाटलं, कोण येणार? संक्रांतीपर्यंतचे शनिवार-रविवार भरले.

११ नोव्हेंबर

मुकादम पाहिजे. त्या काळातलं माणूस. भाऊंनी माझ्या सासूबाईंचंच नाव काढलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सत्तरी गाठली, पण आवाज अजून बांधापलीकडं जातो. त्यांच्या माहेरी पाझर तलावाचं काम झालं होतं, त्यातलं सगळं त्या सांगतात. घरी विचारलं.

"बसायला खुर्ची हाय का?" एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली तुकडी पुण्याची. संगणकावर काम करणारी पोरं-पोरी. आत्याबाई खुर्चीत, हातात काठी.

"ही खडी हाय का बटाटे? बारीक कर."

अमेय नावाच्या पोराच्या हाताला फोड आला. जरा सावलीत बसू का, म्हणाला.

"सावलीत बसायला तू काय पाटलाची म्हैस हायस?"

मला वाटलं आता पैसे परत मागतात. पण जेवताना त्यानंच विचारलं — आजी, तेव्हा लोक हे सहन कसं करायचे?

"कोन म्हनलं सहन केलं? लेकरांना सावली नाय, पानी नाय, सुकडीत आळ्या. बाया उठल्या अन् मुकादमाच्या दारात बसल्या. हटल्याच नाय." मग घोषणाही म्हणून दाखवल्या. एकेक शब्द ठासून.

सुकडी खाऊन सगळे पाहुणे उठले आणि ऑफिससमोर जाऊन बसले. सावली द्या. गार पाणी द्या. सुकडीत गूळ वाढवा. पैसे भरून आलेले लोक — संपावर! भाऊ दाराआड घाम पुसत होते. सगळं मान्य करून टाकलं.

१७ नोव्हेंबर

सगळ्यांनी पाच स्टार दिले. वैदेही नावाच्या पाहुणीनं लिहिलंय, "संप सर्वात छान. थोडा आणखी लांबला असता तर मजा आली असती."

१९ नोव्हेंबर

संप पॅकेजमध्ये आला. नवीन वेळापत्रक — सकाळी खडी, दुपारी सुकडी, तीन वाजता अन्याय, चार वाजता मोर्चा, पाच वाजता मागण्या मान्य, नंतर चहा-भजी.

अन्याय मी करायचा. हजर असलेल्यांना गैरहजर लावायचं आणि वर हसायचं. आरशासमोर हसून बघितलं. गोकुळ म्हणाला, "तुला जमतंय की." नवऱ्यानं असं म्हणावं?

३० नोव्हेंबर, रविवार

आज चिकलठाण्याच्या एका कंपनीतले साहेब लोक. त्यांचं रोजचं काम कामगारांना नोकरीवरून कमी करायचं. घोषणांमध्ये आवाज त्यांचाच सगळ्यांत मोठा. एक तर रडले. जाताना आत्याबाईंच्या पाया पडले.

९ डिसेंबर

स्वयंपाकघरातली द्रुपदा आली होती. तिला आणि तिच्याबरोबरच्या बायांना दिवाळीपासून एक सुट्टी नाही. "मोनिकाताई, आठवड्याला एक तरी दिवस द्या म्हना. घरी धुनं सडाय लागलं."

भाऊंना सांगितलं. म्हणाले, "सीझन आहे. नंतर बघू."

मी द्रुपदाला तेच सांगितलं. सांगताना हसले. आता सवयीनं हसू येतं!

१३ डिसेंबर, शनिवार

चार वाजता मोर्चा बसला आणि द्रुपदा हात पुसत बाहेर आली. मागोमाग बाकीच्या. पाहुण्यांत बसल्या. द्रुपदा म्हणाली, "आम्हाला सुट्टी पायजे."

पाहुणे खूश. ह्या बाया किती खऱ्या वाटतात, असं एकीनं माझ्या कानात सांगितलं. सगळे मिळून ओरडले — सुट्टी द्या! सगळ्यांचे मोबाइल वर झाले. भाऊ ठरल्याप्रमाणं पाच वाजता पायरीवर आले, माइक घेतला, म्हणाले, "मागण्या मान्य."

टाळ्या. चहा-भजी. भजी मला तळावी लागली. बाया घरी गेल्या होत्या.

१४ डिसेंबर, रविवार

स्वयंपाकघर बंद. सुट्टी मान्य झाली, त्यांनी घेतली.

भाऊ ओरडत होते, "अगं ते नाटक होतं!" पण ऐकायला तिथं मीच. दुपारी सुकडी नाही, काही नाही. मी हात जोडून पाहुण्यांसमोर उभी. ते एकमेकांकडं बघून मान हलवायला लागले — वा, उपासमारसुद्धा ठेवलीय!

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "उद्या बिडकीनहून दुसऱ्या बाया आण. द्रुपदाला सांग, यायचं नाही." मी हो म्हणाले. काय म्हणणार? गोकुळच्या कंपनीत महिन्यातले निम्मे दिवस काम बंद असतं. घर माझ्यावर.

आत्याबाई खुर्चीत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार.

तीन वाजता मी हजेरीची वही उघडली. कुणालाच गैरहजर लावता येईना. चार वाजता मोर्चा बसला. पाच वाजता मागण्या मान्य झाल्या. चहा आला. आत्याबाई उठल्या नाहीत.

"चहा नगं. दुसऱ्या बाया आननार नाय, ते आधी बोला."

पुढारीच उठत नाही म्हटल्यावर पाहुणेही बसून राहिले. शिवराज नावाचे एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त, म्हणाले आमची बस सहाची आहे, पण जाऊ दे. चहावर साय धरली. भाऊ माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याशेजारी पायरीवर उभी होते. कधी खाली उतरले आणि आत्याबाईंजवळ जाऊन मातीत बसले, मला खरंच आठवत नाही.

दिवे लागले तेव्हा भाऊंनी माइक खाली ठेवला. पायात चप्पल घातली आणि एकटेच वस्तीकडं चालत गेले, द्रुपदाच्या घरी.

१५ डिसेंबर

द्रुपदा कामावर आली. सुट्टी मिळणार, पाळीपाळीनं. माझं नाव पण त्यात आहे. भाऊ माझ्याशी बोलत नाहीत. अन्यायाचं काम गोकुळच्या मित्राला दिलंय, आकाशला. त्याला हसू येत नाही.

१८ डिसेंबर

माझी सुट्टी. आत्याबाई मेथी निवडत होत्या, मी पण बसले. सहज विचारलं, तेव्हा तुम्ही मुकादमाच्या दारात किती दिवस बसलात?

"मी कुठं बसले? मुकादम माझा बाप व्हता. मी आत व्हते." मग पुढची जुडी सोडली. "दारातल्या बायांचं ऐकून ऐकून पाठ झालं."