खांद्यावर टाकलेला चापान

अत-बाशी
११ मार्च २००६

चि. सायकाल हिस,
उमसूनचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. मेंढ्या व्यायला लागल्यात. तुझे दाजी हल्ली गोठ्यातच राहतात. घरात आले की आधी वास येतो, मग ते.

आता खरी गोष्ट. काय गं, छुपी रुस्तम! तुमच्या अकरावीतली ती सोनूनची बेगायम कशी आहे, आमच्या एर्मेकच्या मनात भरलीय, असं मी तुला हिवाळ्यात विचारलं, तर तोंडात गुळणी धरून बसलीस. शेवटी मीच सोनूनला निरोप धाडला, की मुलीला मागणी घालायला आमच्याकडून कुणी तरी येईल. कुणाला पाठवावं ते ठरत नव्हतं, तोच कोचकोरचा गाडीवाला सांगतो की तू स्वतःच जाऊन आलीस! त्यांचा नान मोडलास, त्यांच्या आजीने दुवा दिली, सोनूनने खांद्यावर नवाकोरा चापान, चांगला रुईभरला लांब डगला, टाकला आणि तो अंगावर घेऊन तू भर गावातून घरी गेलीस. मुलाच्या मावशीने चापान घेतला म्हणजे आणखी काय राहिलं? नौरोज झाला की मी येते आणि मुलीच्या कानात कानातली घालून सोयरीक पक्की करते. एर्मेक दोन दिवस गाणी म्हणत शेण काढतोय.

तुझ्यावर जीव टाकणारी,
उमसून

कोचकोर
१६ मार्च २००६

ती. उमसून एजेस,
सायकालचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचून मी जागच्या जागी बसले.

एजे, मी शाळेच्या कामाला गेले होते. दर मार्चमध्ये अकरावीच्या प्रत्येक घरी जायचं, मूल राष्ट्रीय परीक्षेला बसणार का, पुढे काय करणार हे आईबापांशी बोलायचं, हे समुपदेशक म्हणून माझं कामच आहे. मुलांचं रडणं ऐकायला सरकार तुला पगार देतं, असं तू चिडवतेस. चिडव. पण शाळा सोडू पाहणाऱ्याला घरून परत आणायचं, बाप रशियात गेलेल्या पोरांजवळ बसायचं, मारामाऱ्या सोडवायच्या हेही मीच करते. आणि माझ्या खोलीत जे सांगितलं जातं ते खोलीबाहेर नेत नाही. ते नेलं तर उद्यापासून माझं दार कोण वाजवेल?

तुझा निरोप तिकडे गेलाय हे मला ठाऊक नव्हतं. सोनूनने मला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. मला वाटलं, बाईंचा मान. पालकांनी आजवर लोणी दिलंय, लोकरीचे मोजे दिलेत; चापान जरा जास्त वाटला, पण नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. आजीने दुवा देऊन आपल्या चेहऱ्यावरून हात फिरवले, मीही फिरवले. मी आपली शाळेतली बाई म्हणून बसले होते. त्यांना दिसत होती एर्मेकची मावशी. बेगायम चहा ओतत होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

आता चापान परत करावा, तर गाव म्हणेल मुलीतच खोट आहे. ठेवावा, तर मी शब्द दिला असा अर्थ. तो खुंटीवर आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून जेवते.

एजे, येऊ नकोस. का, ते मला विचारू नकोस.

तुझ्या मायेवर भार टाकणारी,
सायकाल

अत-बाशी
२८ मार्च २००६

चि. सायकाल हिस,
आशीर्वाद. वि. वि. का ते विचारू नकोस, म्हणे! अगं, असं लिहिल्यावर माणूस दुसरं काय करणार? तुझे दाजी म्हणाले, मुलीला आजार असेल. नणंद म्हणाली, दुसरा कुणी असेल. तू गप्प बसून त्या पोरीचं नाव राखतेस की घालवतेस?

मग माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. मुलगी शिकायची म्हणत असणार! एवढंच ना? आम्ही काय तिला बांधून ठेवणार होतो?

म्हणून मी सोमवारी गेले. तुझ्याकडे मुद्दामच उतरले नाही. तू दारात आडवी पडली असतीस. कानातली घातली. चांदीची, पोवळ्याची, माझ्या सासूबाईंची. आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की पोर परीक्षा देईल, बिश्केकला शिकेल, एर्मेकच्या आत्याकडे राहील, लग्न नंतर. सोनून माझ्या गळ्यात पडून रडली. अशी सासू कुणी पाहिली आहे, म्हणून शेजारणी मला बघायला आल्या! पोर मान खाली घालून बसली होती. लाजरी आहे. मला आवडली.

आता तरी खूश? नौरोजचा सुमोलोक रात्रभर गव्हाचे मोड आटवून केला, तो डब्यात भरून पाठवलाय. खा आणि तोंड गोड कर.

तुझी थोरली,
उमसून

कोचकोर
६ एप्रिल २००६

ती. एजेस,
नमस्कार. वि. वि. डबा पोचला. तुझ्यासारखा सुमोलोक आपल्या आईलाही जमला नाही.

तू वाईट असतीस तर मला हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

बेगायम काल माझ्या खोलीत आली. काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. पण मी तिला काय म्हणाले ते माझं आहे, ते तुला लिहू शकते. जाताना तिने मला एवढी परवानगी दिली. ती नेमकी त्यासाठीच आली होती की काय, असं आता वाटतं.

मी तिला म्हणाले, की माझी बहीण चांगली आहे हे तिची सून होण्याचं कारण नव्हे. तिने तुला सगळं दिलं म्हणून तू नाही म्हणायचं नाहीस, असा कायदा कुणी केलेला नाही. एर्मेकमध्ये काही वाईट नाही, मी त्याला न्हाऊ घातलंय. तरीही तो नको असू शकतो. रडू नकोस, असंही म्हणाले. तेवढं चुकलं, रडू द्यायला हवं होतं.

हे सगळं मी त्याची मावशी असून म्हणाले. ही जागा मी दुसऱ्या कुणाला द्यायला हवी होती, पण आमच्या शाळेत दुसरं कुणी नाही. आणि तिला यात अडकवणाऱ्यांत पहिली मीच. त्या दिवशी माझ्या खांद्यावर चापान पडला नसता, तर तिला घरात बोलायला थोडी तरी जागा उरली असती.

तिने कानातली आपल्या हाताने काढली, तर आई तिला घराबाहेर काढील आणि परीक्षाही जाईल. मी काढली, तर शाळेने पोर बिघडवली म्हणतील, आणि पुढच्या वर्षी एकही आई मला घरात घेणार नाही. ज्या हातांनी घातली त्या हातांनी काढली, तरच तिच्यावर बोल येणार नाही. एजे, ते हात तुझे आहेत. दोष आपल्या घराचा आहे, असं म्हण. माझाच आहे म्हण. चापान मी तुझ्याबरोबर येऊन परत करीन.

मला बहीण म्हणशील की नाही, ते तुझ्यावर सोडते.
सायकाल

अत-बाशी
१२ एप्रिल २००६

सायकाल,
तुझे दाजी म्हणतात, तुझ्यासाठी आता या घरात ताट मांडायचं नाही. एर्मेक कुरणावर निघून गेलाय. जाताना विचारत होता, की तिने खरंच नाही म्हटलं का. तू सांगितलं नाहीस, तर मी काय सांगू? मी म्हटलं, हो तरी कुठे म्हणाली होती? मग मलाच ते ऐकू आलं. त्या घरात मी दिवसभर बसले, सगळ्यांशी बोलले. तिच्याशी बोलले नाही.

माझ्या कानात हीच कानातली घातली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मी सुखात राहिले, तुझ्या दाजींबद्दल माझी तक्रार नाही. पण मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते मला आज आठवत नाही. तुझा फार राग आलाय.

शुक्रवारच्या गाडीने येते. सोनूनला सांगेन, आमच्या मुलाचं मन फिरलं. एर्मेकला माझ्या या खोट्याबद्दल मला बोल लावायचा असेल तर तो लावेल. चापान नीट घडी करून ठेव. मला घ्यायला ये, मी त्या दारात एकटी जाऊ शकणार नाही.

उमसून